परातीआडचा पाहुणा

डेल्फिन लोपीस फाटकातून आत आली तेव्हा ऑगस्टीन तुस्कानो दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्याला भोक पाडत होते आणि शत्रुघ्न पेडणेकर ते कसं पाडू नये हे त्यांना सांगत होते.

तुस्कानोंनी तीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली. मग आकाशात उपग्रह आले आणि कंपनीनं त्यांना एक घड्याळ देऊन गिरीजला, गावी, परत पाठवलं. इथे त्यांनी केळी लावली. केळींनी दाद दिली नाही. तेव्हा त्यांनी फाटकावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. तिच्यावर कधी हरवलेल्या कोंबडीसाठी, तर कधी सापडलेल्या जावयासाठी गिऱ्हाईक येई.

पेडणेकर सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासत. निवृत्तीनंतर त्यांनी जवळच्याच एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. रोज सकाळी ताजी भाजी घ्यायला ते गिरीजला येत आणि गप्पा संपल्या की संध्याकाळी ती शिळी करून घरी नेत.

"अंकल," डेल्फिन उभ्या उभ्याच म्हणाली, "ते पत्र मी नाही लिहिलं."

"बस. कुठलं पत्र ते आधी सांग, मग नाही लिहिलं म्हण."

डेल्फिन बसली. परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून ते टाइप करायचं, असं तिचं घरबसल्या काम होतं. लुसी तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. लुसीचं लग्न मस्कतला नोकरी करणाऱ्या मार्सेलशी ठरलं होतं. रिवाजाप्रमाणे चर्चमध्ये सलग तीन रविवार लग्नाची घोषणा व्हायची होती. त्या काळात कुणाला काही हरकत असेल तर त्यानं फादरना कळवायचं. सात आणि चौदा जानेवारीच्या घोषणा झाल्या. मंगळवारी फादरना ईमेल आली: मार्सेलचं मस्कतमध्ये एक लग्न झालेलं आहे. खाली सही नव्हती.

"फादर म्हणतात, मस्कतच्या चर्चला विचारल्याशिवाय तिसरी घोषणा करता येणार नाही. उत्तराला महिना लागेल. मग उपवासकाळ येतो, त्यात लग्नं लागत नाहीत. तोवर मार्सेलची रजा संपेल. लग्न मोडल्यातच जमा आहे, अंकल."

"यात तुझा काय संबंध?" पेडणेकरांनी विचारलं.

"ती ईमेल माझ्या इंटरनेटच्या लाईनवरून गेली. फादरनी ती छापायला सायबर कॅफेत जितेशकडे दिली. माझी लाईन त्यानंच बसवलीय. ईमेलच्या डोक्यावर लाईनचा नंबर असतो, तो त्यानं ओळखला. आणि दोन वर्षांपूर्वी मार्सेलच्या घरून मला विचारलं होतं. नाही मी म्हटलं होतं, पण गावात उलटंच सांगतात."

ती थांबली. "मी करवली होणार होते. कपडे शिवून आलेत. काल लुसीनं दार उघडलं, मला बघितलं आणि लावून घेतलं."

तुस्कानोंनी डब्यात फुंकर मारून पत्र्याचा कीस उडवला. "रविवार परवा आहे. चल."

"डबा घेऊन?" पेडणेकर म्हणाले.

"डब्याला काम मिळालं म्हणूनच तर चाललोय."

---

डेल्फिनचं घर कौलारू, बैठं, समोर पडवी. इंटरनेटची वायफायची पेटी पडवीच्या खिडकीत होती. डेल्फिननं लॅपटॉप उघडून पेटीला कोण कोण जोडलेलं आहे याची यादी काढली. यादीत दोन नंबर होते.

"हा माझा. दुसरा कुणाचा ते माहीत नाही."

"पासवर्ड?"

"नाहीये."

"मग हा पाहुणा," तुस्कानो म्हणाले. "बोलावल्याशिवाय आलेला, आणि आत्ता या घटकेला घरात बसलेला."

पेडणेकरांनी पडवीत सगळीकडे पाहिलं. खुर्चीखालीसुद्धा पाहिलं.

तुस्कानोंनी डब्याच्या भोकात बोटाच्या दोन पेरांएवढी तांब्याची तार उभी बसवली, ती वायरनं आपल्या लॅपटॉपच्या वायरलेस कार्डाला जोडली आणि एक प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर पाहुण्याच्या नंबरापुढे एक हिरवी पट्टी थरथरत होती.

"साधी अँटेना चहूकडून ऐकते. हा डबा तोंड असेल तिकडचंच ऐकतो. धर आणि सावकाश फिर."

पेडणेकरांनी डबा चर्चकडे केला. पट्टी मेली. रस्त्याकडे केला. काही नाही. मग पश्चिमेला, वाडीकडे वळले, आणि हिरवी पट्टी सरसर वाढत गेली. भरतीचं पाणी पायरीमागून पायरी चढावं तशी.

पेडणेकर पुतळ्यासारखे उभे राहिले. समोर केळी होत्या, नारळ होते, एक बगळा होता. वाऱ्याशिवाय काही हलत नव्हतं. आणि त्या रिकाम्या हवेतून कुणीतरी सतत, न थकता बोलत होतं.

"ऑगस्टीन," ते हळूच म्हणाले, "आत्ता माझ्या अंगातून कितीजणांचं बोलणं चाललंय रे?"

"मोजू नकोस, गुदगुल्या होतील." पण तुस्कानोंचा आवाजही खाली आला होता. "तीस वर्षं हेच ऐकलं मी. समुद्रात चौदाशे मैलांवरचा माणूस कानात टिकटिक करायचा. त्याचा चेहरा कधी दिसला नाही. पण अँटेना फिरवली की कळायचं, तो तिकडे आहे. अजून सवय झालेली नाही."

पेडणेकर भारावून दोन पावलं बाजूला सरकले. पट्टी धपकन खाली आली.

"बिघडला!"

"बिघडला नाही. तू केळीच्या आड गेलास. केळ म्हणजे उभं पाणी. या लहरी पाण्यात विरून जातात. मागे ये."

ते मागे आले आणि पाहुणाही परत आला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ते केळीच्या बागेतल्या एका मोकळ्या पट्टीसमोर उभे आहेत. डोक्यावर भांग पाडावा तशी ती सरळ पश्चिमेला गेली होती. मध्यावर तिच्या कडेला एक झोपडी. पार टोकाला, पाव किलोमीटरच्या पलीकडे, रस्त्यालगत तीन घरं एकमेकांना खेटून.

"झोपडी!" पेडणेकर म्हणाले. "दिशा बरोबर झोपडीवर जाते."

"दिशा झोपडीवर जाते, पण तिथे उतरते कशावरून? रेषेला स्टेशन नसतं, शत्रुघ्न."

---

झोपडी कृष्णाबाईची. ती इनास आल्मेडांच्या वाडीत कामाला होती. झोपडीत वीज नव्हती, त्यामुळे पेडणेकरांचा संशय चुलीपाशी विझला. तुस्कानोंनी दारात उभं राहून डबा पश्चिमेला धरला. पाहुणा अजून पलीकडेच होता, आणि आवाज वाढला होता.

आत गवतात केळीचे चार घड पिकत घातले होते.

"बाई, एवढे घड?"

"शेठनं ही पट्टी तोडली ना, तवाचे. कोवळे घड हो, बोटभर केळी. जीव तुटला माझा. म्हने, रोग पडलाय. रोग कसला? मी सवताच्या हातानं पानी पाजलंय तेंना. एका पानाला डाग न्हवता."

"कधी तोडली?"

"नाताळाच्या चार दिस आधी. गवतात घालून महिना झाला, अजून धड पिकत न्हाईत. कोनाला सांगू?"

तुस्कानोंनी एक केळं मागून घेतलं, सोलून खाल्लं, आणि वाईट तोंड करून पूर्ण संपवलं.

पुढे रस्त्यावर आल्यावर मात्र नवल झालं. तिन्ही घरं वीस पावलांवर होती. डबा एकेका घराकडे धरला. पट्टी उठेना. मधूनच किंचित थरथरे आणि निजे.

"बंद करून पळाला," पेडणेकर म्हणाले.

तुस्कानोंनी डेल्फिनला फोन लावला. "पाहुणा आहे का गं?"

"आहे की, अंकल. इथे तर चांगला ठणठणीत दिसतोय."

पेडणेकरांनी टोपी काढली. चर्चसमोरून जाताना काढतात तशी. "लांबच्या माणसाला ऐकू जातं आणि दाराशी उभ्या माणसाला नाही? हे कुठलं बोलणं?"

"तेच शोधायचंय," तुस्कानो म्हणाले. "तीन घरं आहेत. पहिल्या दारापासून सुरुवात करू."

---

पहिलं घर जितेश राऊतचं. खाली सायबर कॅफे, वर बिऱ्हाड.

"मी खोटं बोललो का, अंकल?" तो आल्या आल्याच म्हणाला. "नंबर तिचाच आहे. फादरनी विचारलं, मी सांगितलं."

"पासवर्ड का नाही ठेवलास तिच्या पेटीला?"

"ठेवला होता! तिची आई चिठ्ठी हरवायची आणि मला फोन. मी जेवायला बसलो की फोन. शेवटी काढून टाकला. आणि आता बाईसाहेब पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या कंपनीची लाईन घेतायत. घ्या म्हणावं."

"राग आलाय?"

"येणार नाही?"

"तुझ्या कॅफेत वायरलेस आहे?"

"वेडा झालोय का? गिऱ्हाईक भिंतीपलीकडे बसून फुकट वापरेल. दहाच्या दहा कॉम्प्युटर वायरवर आहेत. वायर दिसते, म्हणून पैसे मागता येतात."

तुस्कानो टेबलांखाली वाकून प्रत्येक वायर पाहून आले.

दुसरं घर मार्सेलचं. तो ओसरीवर बसून कोयत्याला धार लावत होता. मस्कतच्या एअरकंडिशन ऑफिसातली बोटं, त्यामुळे धारेपेक्षा चिकटपट्ट्या जास्त लागल्या होत्या.

"लग्न नको झालंय का तुला?" तुस्कानोंनी सरळ विचारलं.

"अंकल! मी नोकरी सोडतोय. एक तारखेला आलो, दोन तारखेला घरच्यांनी लग्न ठरवलं. आता एकदाच जाऊन राजीनामा देऊन यायचं. लुसीची वाडी मी कसणार आहे."

"वाडी विकायची ठरली होती ना?"

"तिची आई विकणार होती. करणार कोण, म्हणून. बांधावर बावखल आहे, माहीत आहे ना? पावसाचं पाणी साठवायचं जुनं तळं. अख्ख्या आळीच्या विहिरी त्याच्यावर जगतात. बिल्डर पहिलं ते बुजवणार. मी म्हटलं, सही करू नका, मी येतो."

पेडणेकरांची नजर टेबलावर गेली. "हा लॅपटॉप वायरलेसचा दिसतो."

"आहे, पण इथे शोभेचाच. घरात कुठलाच सिग्नल येत नाही. बघा."

त्यानं दाखवलं. खरंच एकही नाव दिसत नव्हतं.

"हा लबाड आहे," बाहेर आल्यावर पेडणेकर म्हणाले. "लॅपटॉप याचा, मस्कत याचं, लग्नाच्या भीतीनं पत्रही यानंच लिहिलं असणार."

"बोटं पाहिलीस त्याची? पळणारा माणूस कोयता शिकत नाही."

तिसरा बंगला इनास आल्मेडांचा, नवा कोरा. इनासभाऊ साठीचे, एकटे, चर्चच्या गायनात सगळ्यांत वरचा सूर लावणारे. लग्न अडल्याचं दुःख गावात त्यांच्याइतकं कुणालाच झालं नव्हतं. मांडव, बँड, जेवण, सगळं त्यांनीच अंगावर घेतलं होतं.

"पोरीचं नशीब बघ, ऑगस्टीन," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि त्या डेल्फिननं असं करावं? घ्या, नाताळचा केक घ्या. लंडनहून मुलगा आला होता, त्यानं आणलेला."

"मुलगा काय करतो तिकडे?"

"कंपन्यांना कसलीशी जोडणी करून देतो. आपल्याला काय कळतं? माझ्या घरात कॉम्प्युटरच नाही. टीव्हीसुद्धा मी बातम्यांपुरता लावतो." त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून दाखवला. "हा नातू. सहा वर्षांचा. कालच पुढचा दात पडला. आता असा फटीतून हसतो, अगदी असा!"

त्यांनी ओठ वर ओढून हसून दाखवलं. फोटोतल्या मुलाचे सगळे दात जागच्या जागी होते.

"ती वाडीतली पट्टी का तोडलीत, इनासभाऊ? घड कोवळे होते म्हणे."

"मांडवाच्या सामानाला वाट नको? लुसीसाठी चार केळी गेल्या तर गेल्या."

पेडणेकरांना गहिवरून आलं. लुसीचं घर चर्चच्या रस्त्यावर आहे आणि ट्रक तिच्या दारात उभा राहतो हे त्यांना माहीत होतं, पण गहिवरात ते आठवलं नाही.

"गच्चीवरून बावखल दिसत असेल ना?" तुस्कानो म्हणाले.

दिसत होतं. गच्चीवर कृष्णाबाईनं मिरच्या वाळत घातल्या होत्या. टीव्हीची जुनी अँटेना आजूबाजूच्या छपरांवरच्या सगळ्या अँटेनांसारखी दक्षिणेला, मुंबईकडे तोंड करून उभी होती आणि तिच्या प्रत्येक दांडीवर एकेक कावळा होता. पूर्वेच्या कठड्यावर हातभर लांबीचा पांढरा प्लॅस्टिकचा पाइप आडवा आवळला होता. दोन्ही तोंडांना झाकणं.

"हा कशाला?"

"पावसाचं पाणी साठवायला. सरकार सांगतंय ना हल्ली."

"जानेवारीत?"

"तयारी नको?"

तुस्कानोंनी पाइपावरून हात फिरवला. अगदी सपाट होता, थेंबभरही उतार नव्हता. मग पाइपाला गाल टेकवून त्यांनी एक डोळा मिटला आणि पूर्वेला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"छान केलंय," ते म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर पेडणेकरांनी विचारलं, "आता?"

"उद्या शनिवार. पावणेचारला सगळ्यांना डेल्फिनच्या पडवीत बोलाव. फादर, लुसी, मार्सेल, जितेश, इनासभाऊ. आणि कृष्णाबाईला एक परात नेऊन दे."

"केवढी?"

"लग्नातली."

---

शनिवारी पावणेचारला पडवी भरली. लुसी आली, पण खांबाआड उभी राहिली. डेल्फिन खिडकीशी, लॅपटॉपजवळ. दोघी एकमेकींकडे न बघण्याचं काम फार मन लावून करत होत्या.

"फादर," तुस्कानोंनी सुरुवात केली, "ईमेल या घराच्या लाईनवरून गेली हे खरं आहे. पण या लाईनवर दोघं बसतात. एक डेल्फिन. दुसरा हा." त्यांनी पडद्यावरचा दुसरा नंबर दाखवला. "याला आम्ही पाहुणा म्हणतो. आत्ताही आलेला आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मार्सेलनं दारामागेही पाहिलं. पेडणेकर समजूतदारपणे हसले.

"डब्यानं सांगितलं, पाहुणा पश्चिमेला आहे. झोपडीतूनही पश्चिमेलाच. म्हणजे त्या तीन घरांपैकी एक. डबा त्याहून बारीक सांगू शकत नाही, त्याचं तोंड मोठं आहे. पण रस्त्यावर गेलो तर पाहुणा मुका. पाव किलोमीटरवर ऐकू येतो, वीस पावलांवर नाही. असं कोण बोलतं?"

जितेशनं मार्सेलकडे पाहिलं, मार्सेलनं जितेशकडे.

"साधा लॅपटॉप बोलला तर चहूकडे बोलतो आणि शंभर पावलांत दमतो. मार्सेलच्या लॅपटॉपला ही लाईन दिसतसुद्धा नाही. मस्कतचं यंत्र, पण हात तोकडे. जितेशकडे सगळं वायरवर आहे. वाकून पाहिलंय मी. पाहुण्याचा आवाज मात्र नळीतून फुंकल्यासारखा एकाच दिशेला येत होता, आणि उंचावरून. आम्ही रस्त्यावर होतो, तो आमच्या डोक्यांवरून गेला. म्हणजे छपरावर एकमुखी अँटेना हवी. जशी टीव्हीची असते तशीच, पण हिच्या दांड्या बोटाएवढ्या. पांढऱ्या पाइपात सहज मावते."

इनासभाऊ खुर्चीत जरा मागे सरले. "माझा पाइप पावसाचा आहे. सांगितलं ना."

"उतार नाही, तोंडं बंद, आणि नेम या खिडकीवर. त्यात पाऊस कुठून शिरणार, इनासभाऊ? पण एकटा पाइप पुरेना. मध्ये केळी होत्या, उभं पाणी. म्हणून पट्टी तोडावी लागली. कृष्णाबाईला तुम्ही सांगितलं, रोग पडला. मला सांगितलंत, मांडवाला वाट. पण ती तुटली नाताळाच्या आधी, आणि लग्न ठरलं दोन जानेवारीला. ट्रक तर लुसीच्या दारात जातो. या गावात कोवळ्या घडावर कुणी कोयता चालवत नाही, भाऊ. ज्यानं चालवला त्याला केळ्यांपेक्षा गोड काहीतरी पलीकडून दिसणार होतं."

"माझ्या घरात कॉम्प्युटर नाही!"

"मग नातू फटीतून कसा हसतो हे कुठे पाहिलंत? फोनवर दात पडल्याचं ऐकू येईल. हसू ऐकू येत नाही."

इनासभाऊंचा हात आपोआप ओठांकडे गेला आणि तिथेच राहिला.

"हा सगळा अंदाज झाला, ऑगस्टीन," फादर हळूच म्हणाले.

"हो, फादर. म्हणून आता बघू या. समोर नजर ठेवा. शत्रुघ्न, रुमाल!"

पेडणेकरांनी पडवीच्या कडेला जाऊन रुमाल हलवला, आगगाडी सोडावी तशा थाटात. केळीच्या भांगाच्या पार टोकाला, इनासभाऊंच्या गच्चीवर, मिरच्यांमधून एक लहानशी आकृती उठली. तिनं काहीतरी गोल, मोठं उचललं. उन्हात ते सूर्यासारखं लखलखलं. मग तिनं ते कठड्यावरच्या पाइपासमोर धरलं.

"आता इकडे."

पडद्यावर पाहुण्याच्या नंबरापुढची पट्टी खचली, थरथरली आणि विझली. थोड्या वेळानं यादीत एकच नाव उरलं. डेल्फिनचं.

पडवीत कुणी हललं नाही. पाव किलोमीटरवर एका बाईनं परात धरली होती, आणि इथे, वायर नाही, दोरी नाही, हाक नाही, एक माणूस नाहीसा झाला होता. फादरनी नकळत क्रॉसची खूण केली. जितेश, ज्याचा हा धंदा होता, तोच सगळ्यांत जास्त तोंड उघडून बघत होता.

"रुमाल," तुस्कानो म्हणाले.

परात खाली गेली. घटकाभर काहीच नाही. मग तोच नंबर यादीत परत आला. पुन्हा रुमाल, पुन्हा परात. पाहुणा गेला.

खांबाआडून लुसी पुढे आली होती. ती पडद्याकडे बघत नव्हती.

इनासभाऊ बोलले तेव्हा गायनातला तो वरचा सूर राहिला नव्हता. "मुलानं बसवून दिलं. मजा म्हणून. म्हणाला, पप्पा, डेल्फिनची लाईन उघडी आहे, बाळाला रोज बघता येईल. जुना लॅपटॉप ठेवून गेला." ते थांबले. "बिल्डर दोन्ही वाड्या घेणार होता, माझी आणि लुसीची. एकट्या माझ्या वाडीला विचारत नाही. वाडी गेली असती तर मी लंडनला जाऊन राहिलो असतो. त्याच्याजवळ. मग मार्सेल आला आणि सही थांबली."

"म्हणून मस्कतची बायको काढलीत," तुस्कानो म्हणाले.

"घोषणेत हरकत आली की लग्न लांबतं, एवढंच मला ठाऊक होतं. लांबलं की हा परत जाईल, मग तिची आई विकेल. ईमेलला नाव नसलं म्हणजे पत्ताही नसतो असं वाटलं मला. डेल्फिनवर येईल हे स्वप्नातही नव्हतं."

"आणि आलं तेव्हा?"



"चार दिवस तुम्ही रडलात," डेल्फिन म्हणाली. आज पडवीत ती पहिल्यांदाच बोलत होती. "माझ्यासमोर रडलात. मला म्हणालात, पोरी, कबूल कर, मन हलकं होईल."

लुसी पडवी ओलांडून तिच्यापाशी आली. डेल्फिनची ओढणी खांद्यावरून घसरली होती ती नीट केली, आणि हात तिथेच ठेवला.

"कपडे शिवून आलेत," डेल्फिन रडू आवरत म्हणाली. "बाही सैल झालीय."

"सोमवारी पापडीच्या शिंप्याकडे जाऊ. घट्ट करून आणू."

फादर उठले. "उद्या तिसरी घोषणा होईल. त्याआधी इनास उभा राहील आणि डेल्फिनचं नाव घेऊन जे खरं आहे ते सांगेल. सगळ्यांसमोर."

इनासभाऊंनी मान हलवली. जायला उठले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून थबकले. चाराला दोन मिनिटं कमी होती. घड्याळाकडून त्यांची नजर पडद्यावरच्या एकाकी नंबराकडे गेली. मागितलं त्यांनी काहीच नाही.

"चारला येतो का तो?" डेल्फिननं विचारलं.

"शनिवारी चारला. उठला की आधी आजोबा मागतो."

जितेश हळूच म्हणाला, "पासवर्ड टाकू का आता?"

"टाक. उद्या," डेल्फिन म्हणाली. "इनासभाऊ चर्चमध्ये बोलून आले की त्यांनाही सांग. कागदावर लिहून दे, हरवू नका म्हणावं."

"आणि आत्ता?" लुसीनं विचारलं.

डेल्फिननं समोर पाहिलं आणि दचकली. "अगंबाई! कृष्णाबाई!"

गच्चीवर, टळटळीत उन्हात, एवढ्या सगळ्या कबुली-रडण्यात कुणी पुढचा रुमाल न दाखवल्यामुळे, ती बाई अजून ती भलीमोठी परात दोन्ही हातांनी धरून उभी होती. हात भरून आले असतील, पण परात एक बोटही खाली आली नव्हती. बाजूच्या अँटेनेवरचे कावळे तिच्याकडे बघत होते.

डेल्फिननं पेडणेकरांच्या हातातला रुमाल घेतला, पडवीच्या कडेला गेली आणि हलवला.

दूरवरचा तो छोटा सूर्य मावळला. सगळे पडद्यावर वाकले. इनासभाऊ वाट धरून भराभर घराकडे निघाले होते, तेही भांगाच्या मध्यावर वळून उभे राहिले, जणू तिथून दिसणार होतं.

चाराचे ठोके पडले. मग रिकाम्या हवेतून, केळींच्या मधून, बगळ्याच्या डोक्यावरून, पाहुणा आला.